लक्ष्मीबाईंचा धीर

‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू आले नाही असा वाचक मला अजून भेटायचा आहे. रेव्हरंड टिळकांचा विसराळूपणा, त्यांचे औदार्याचे झटके, घरात पै नसताना दारात येऊन उभे राहणारे पाहुणे, आणि हा सारा पसारा आवरता आवरता लक्ष्मीबाईंच्या तोंडून निघालेले शेरे यांवर मराठी माणूस आज जवळजवळ नव्वद वर्षे हसत आला आहे. पुस्तकातले वेचे निवडणारेही बहुधा याच भागाकडे वळतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे एक मात्र झाले. या पुस्तकातला धर्म नाटकातल्या मागच्या पडद्यासारखा टांगलेला राहिला. बाई विनोदी, बाई प्रांजळ, बाई सोशिक. आणि हो, पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. अशा क्रमाने आपण बोलतो. मला हा क्रम उलटा वाटतो. त्यांचा विनोद आणि त्यांची श्रद्धा ही दोन खाती वेगळी नाहीत, आणि ती वेगळी केली की पुस्तकाचा अर्धा जीव जातो, असे माझे मत आहे. ते इथे थोडे सविस्तर मांडतो.

आधी एका शब्दाविषयी. मराठीतला ‘धीर’ हा विलक्षण शब्द आहे. रडणाऱ्या माणसाला आपण सांगतो, ‘धीर धर’. म्हणजे थोडे थांब, सोस. तोच माणूस उठून साहेबापुढे जाऊन उभा राहिला की म्हणतो, ‘त्याने धीर केला.’ धरला तर सोशिकपणा आणि केला तर हिंमत! इंग्रजीला यासाठी दोन निराळे शब्द लागतात, आणि दोन शब्द झाले की दोन गुण वेगळे वाटू लागतात: एक म्हाताऱ्यांचा, एक तरुणांचा, एक बायकांचा, एक शिपायांचा. आपल्या भाषेने ही फाळणी केली नाही. जुन्या करारातल्या सत्ताविसाव्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीत देवाची वाट पाहणे आणि हिंमत बाळगणे यांची एकत्रच आज्ञा आहे. परक्या टीकाकारांना त्या जोडीचे स्पष्टीकरण द्यावे लागते. मराठी वाचकाला ते नको. त्याच्या स्वयंपाकघरात तो शब्द रोज वापरला जातो.

धुळ्यात आमचे एक लहानसे वाचकमंडळ आहे. दर रविवारी आठ-दहा माणसे जमतात, एकजण वाचतो, बाकीचे मध्ये मध्ये तोंड घालतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही ‘स्मृतिचित्रे’ घेतले होते. निम्मे पुस्तक संपले तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी सरळ विचारले, “पण आबा, खरे सांगा. ही बाई नवऱ्यासाठीच ख्रिस्ती झाली ना? यात देवाचा संबंध कुठे आला?” प्रश्न आडमुठा नव्हता. निम्मा महाराष्ट्र मनातून हेच समजतो.

त्याचे उत्तर पुस्तकातच शोधले पाहिजे, आणि त्यासाठी घटनाक्रम नीट लावला पाहिजे. मनकर्णिका गोखले हिचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. सोवळ्याच्या वेडाने घर भारून टाकणारे वडील, आणि अकरा-बारा वर्षांच्या वयात नारायण वामन टिळकांशी लग्न. हे टिळक म्हणजे न टिकणारा गृहस्थ. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा पत्ताच नाही. तेव्हा वाट पाहण्याचे शिक्षण या मुलीला ख्रिस्ताचे नाव कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मिळाले होते, आणि तेही फुकटचे. मग नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटला, त्याने नवा करार हातात दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. भाकीत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायको माहेरच्या आणि बहिणीच्या आसऱ्याला, पदरी लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे मध्ये पाच वर्षे.

या पाच वर्षांवर पुस्तकाचा कणा उभा आहे. आमच्या शिक्षकमित्रांचे म्हणणे खरे धरायचे तर पाच वर्षे कशाला लागावीत? पतीच्या मागे जायचे तर पहिल्याच महिन्यात बोचके बांधता आले असते. आणि धर्म म्हणून नवरा सोडायचा तर पुढे अहमदनगरला येऊन त्याच्या सावलीत राहण्याचे कारण नव्हते. लक्ष्मीबाई यातले काहीच करीत नाहीत. त्या येतात, पण आपले सोवळे घेऊन येतात. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. चूल वेगळी, पाणी वेगळे. त्या काळच्या दोन्ही समाजांना हा प्रकार चमत्कारिक वाटला असणार. एकाला ती बाटल्यासारखी, दुसऱ्याला ती हट्टी. पण तिला मात्र जे पटले नाही ते करायचे नव्हते, आणि जे पटेल ते टाळायचेही नव्हते. या मधल्या जागेत उभे राहायला जो धीर लागतो तो धरण्याचा की करण्याचा, हे मला सांगता येणार नाही.

पुढे काय झाले? आकाशातून प्रकाश पडला नाही. दमास्कसच्या रस्त्यावर पौल घोड्यावरून पडला असे चित्रकार दाखवतात (मूळ ग्रंथात घोडा नाही, ही चित्रकारांची भर). ऑगस्टीनला मिलानच्या बागेत लहान मुलाचा आवाज ऐकू आला. आपल्याकडे बाबा पदमनजींनी १८८४ साली ‘अरुणोदय’ लिहिले, त्याच्या नावातच पहाट आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात पहाट नाही की आवाज नाही. आहे तो पाण्याचा प्रश्न. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत जसा फरक दिसतो तसा माणसांत दिसला असता. तो दिसत नाही. मग माणसाने केलेल्या गोष्टीसाठी मी कुणाच्या हातचे पाणी का नाकारू? एवढा सरळ, परसातल्या आडाजवळ बसून करावा तसा विचार. आधी पाणी, मग पंगत, आणि त्यानंतर बाप्तिस्मा. धर्मांतराच्या साऱ्या वाङ्मयात मला हा क्रम दुसरीकडे आढळलेला नाही. इतरत्र माणूस आधी देवाला स्वीकारतो आणि मग शेजाऱ्याला. इथे बाईने आधी शेजाऱ्याचा तांब्या तोंडाला लावला, देव मागून आला.

म्हणूनच इंग्रजी भाषांतरांची नावे मला अडखळवतात. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० साली केलेल्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागोमाग जाते. शांता गोखले यांनी २०१७ साली नवे, उत्तम भाषांतर केले, त्याच्या उपशीर्षकात ही तडफदार पत्नीची आठवण आहे असे म्हटले आहे. दोन्हीकडे बाई पत्नी! इंक्स्टरबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतात, आणि तिथे ते नवऱ्याविषयी नाहीत. मी अजून पोचलो नाही, पण चालतो आहे, असा त्यांचा भाव आहे. तो अर्थ घेतला तर नाव चांगले. पण दुकानात पुस्तक हाती घेणाऱ्या माणसाला पौल आठवणार नाही, पतिव्रताच आठवणार. मराठी नाव निर्मळ आहे. ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे आठवणींची चित्रे. कुणाची कोण हा प्रश्नच त्यात नाही.

आमच्या मंडळात नवापूरकडच्या एक बाई येतात. आदिवासी ख्रिस्ती घराण्यातल्या, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण धुळेकरांच्या मनात ती माणसे अजून आपलीच आहेत. शिक्षकांच्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही म्हणता यात देव कुठे दिसत नाही. रात्रपाळीला पेशंट गंभीर झाला आणि डॉक्टर दुसऱ्या गावी असले की आम्ही काय दाराकडे बघत बसायचो? पट्टी बदलायची, पाणी पाजायचे, ताप लिहून ठेवायचा. डॉक्टर आले की त्यांना कागद दाखवायचा. देवाची वाट अशीच बघतात. ही बाई तेच करते आहे.”

मी आजवर या पुस्तकावर जे काही वाचले आहे त्यात याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही. लक्ष्मीबाई प्रार्थनेविषयी फार थोडे लिहितात. आपल्या अंतःकरणातल्या देवाचे वर्णन तर त्या करीतच नाहीत. भक्तिपर आत्मचरित्र म्हणून हे पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होते. पण कागद त्यांनी लिहून ठेवला आहे: प्लेगच्या दिवसांत नगरला आजारी मुलींची सेवा केली, ती हकीकत, दुष्काळातली पोरकी मुले घरात आली, ती हकीकत, पैसे संपले, टिळकांनी उरलेलेही कुणाला देऊन टाकले, ती हकीकत. प्रत्येक ठिकाणी त्यांना मदत यायला उशीर होतो आणि प्रत्येक ठिकाणी त्या हात चालू ठेवतात. विनोद हा याच हातचालीचा भाग आहे. वाट पाहताना जो माणूस हसू शकतो त्याला आपण येणाऱ्याची खात्री आहे असे समजतो. चिंतेने ग्रासलेल्याला विनोद सुचत नाही. तेव्हा त्यांचे हसणे हीच मला त्यांची प्रार्थना वाटते. कुणाला हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, वाटो.

इथे टिळकांशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. टिळकांचा धर्म उतावळा होता. हे मी दोष म्हणून सांगत नाही. उतावळेपणाशिवाय ती कविता झाली नसती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि तुकारामाचा तो तळमळीचा, देवाला जाब विचारणारा स्वर त्यांच्या अभंगांत उतरला आहे. देव आत्ता भेटला पाहिजे, हिंदुस्थान आत्ता ख्रिस्ताला मिळाला पाहिजे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला, ‘देवाचा दरबार’ मांडला. आणि दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. पतीने सोडलेल्या पगाराची झळ कुणाला बसते हे सांगायला नको. ज्या घरात एकजण देवाकडे धावत सुटतो त्या घरात दुसऱ्याला चुलीपाशी थांबावे लागते. पण थांबणारे माणूस देवापासून दूर असते हे कशावरून? येशूच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात धावण्याआधी बापाने कितीतरी दिवस रस्त्यावर नजर लावली असली पाहिजे, नाहीतर मुलगा दूर असतानाच त्याला दिसला नसता. आणि आपल्या पंढरपूरला तर देवच विटेवर उभा आहे. पुंडलिकाचे आईबापांचे पाय चेपून व्हायचे होते म्हणून. वाट पाहणे हे भक्ताचेच काम आहे असे आपण उगाच समजतो.

खानदेशाशी या घराचे जे नाते आहे ते या मुद्द्याशी जुळते. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकर. तिथे धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन खाली बसला. टिळकांनी या मुलाला घरचा केला. नगरला तो टिळकांच्या घरी वावरला, आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातली ठोमऱ्यांची पाने ही मला सबंध पुस्तकातली सर्वांत कोवळी पाने वाटतात. रुसणारा, हसणारा, निसर्गात हरवून जाणारा हा पोर त्यांच्या जिभेच्या फटकाऱ्यांतून सुटत नाही, पण त्या फटकाऱ्यांत आईपण आहे. आता एवढे पाहा की या ख्रिस्ती घरात राहून ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंना स्वतःला पाच वर्षे मिळाली होती. त्यांना घाई करायचे कारण नव्हते. आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो त्याला घाई नसते, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनावर आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला. जेमतेम वर्षाने टिळक गेले. लक्ष्मीबाईंनी ही दोन्ही मरणे सोसली.

धुळ्यातून पाहताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. तीन वर्षांत तीन पुस्तके, आणि तिन्ही बोललेली. एक कैद्यांना सांगितलेले, एक आश्रमातल्या रात्रींच्या गोष्टी म्हणून मांडलेले, एक शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे. मराठी गद्य तेव्हा एकीकडे नटव्या अलंकारांत गुरफटले होते. ही तीन पुस्तके ज्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते अशा माणसांच्या तोंडून आली. तुरुंगातला कैदी काय आणि परित्यक्तेसारखे दिवस काढणारी बाई काय, दोघांना तारीख माहीत नसते. तारीख माहीत नसलेल्या माणसाची भाषा साधी होते. तरीही यांतला फरक लपत नाही. विनोबा स्थिर आहेत, गुरुजी रडतात, लक्ष्मीबाई हसतात. मला विचाराल तर घरात चारचौघांत मोठ्याने वाचायला तिसरे पुस्तक सर्वांत टिकाऊ आहे. गुरुजींवर माझी भक्ती आहे. पण आमच्या मंडळात ‘श्यामची आई’ वाचताना दुसऱ्या रात्रीनंतर रुमाल पुरत नाहीत आणि विचार थांबतो.

आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना कसे विसरावे? अक्षर न ओळखणारी बाई, तिशीत वैधव्य, जात्यावर आणि शेतात गाणी. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती मुलगा सोपानदेव यांच्यामुळे आणि अत्र्यांच्या पारखी नजरेमुळे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही देवदत्त हा मुलगाच मागे लागला म्हणून लिहिणे झाले. दोघींचा देव कामाच्या हाताजवळ राहणारा. धर्म निराळे, पण एकमेकींच्या ओसरीवर बसल्या असत्या तर दोघींचे दळण लवकर संपले असते.

आता पुस्तकाच्या उण्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. चौथा भाग मला विरळ वाटतो. माणसांची गर्दी होते, गावे झरझर बदलतात, आणि टिळक गेल्यानंतर निवेदनाला जो एक खेळगडी होता तो नाहीसा होतो. मिशनरी मंडळींविषयी लक्ष्मीबाई जितक्या कृतज्ञ आहेत तितक्या चिकित्सक नाहीत. टिळकांनी नोकरी का सोडली यामागे गोऱ्या साहेबांच्या वर्चस्वाचा जो सल होता, तो त्यांच्या लेखणीखाली काहीसा मऊ होतो. आणि ज्यांना श्रद्धेची आतली बाजू वाचायची आहे त्यांनी केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे जावे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घातली; त्या १९२२ साली गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली निघाला. त्यांची वाट पाहणे विद्वानाचे होते, व्रतस्थाचे होते. लक्ष्मीबाईंचे घरगुती.

ते घरगुतीपण किती पल्ल्याचे होते हे ‘ख्रिस्तायन’ पाहिल्यावर कळते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करायचे हे टिळकांचे स्वप्न. गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सने १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते. त्याच वाटेने टिळकांना जायचे होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि ते गेले. हस्तलिखित घरात राहिले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या, विधवा; मुंबई, कराची, नाशिक अशी वणवण. या बाईने त्या काव्याला आपले चौसष्ट अध्याय जोडले. काव्य म्हणून टिळकांचे अध्याय अधिक ऐटदार आहेत यात शंका नाही. लक्ष्मीबाईंची ओवी बोलत बोलत चालते, कुठे कुठे अडखळते, आणि मध्येच एखाद्या प्रसंगी आईने लेकराला हकीकत सांगावी तशी थेट होते. आमच्या नर्सबाईंनी त्यातला वधस्तंभाजवळच्या मरियेचा भाग आम्हाला वाचून दाखवला तेव्हा शिक्षकमित्रांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पुढचा रविवार कुणाकडे आहे एवढेच विचारले.

ख्रिस्ती वर्षाचा आरंभ वाट पाहण्याने होतो. दिवाळीचे फटाके संपले की तीन-चार आठवड्यांत त्यांचे आगमनाचे चार रविवार सुरू होतात. त्या रविवारी ‘ख्रिस्तायन’चे पहिले अध्याय घ्यायचे असे आमच्या मंडळाने ठरवले आहे; टिळकांचे आधी, मग बाईंचे. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले १९३८ साली.